कोयत्याचं मत

२०२४ च्या सप्टेंबरात मंत्री समितीची बैठक झाली आणि राज्यातल्या साखर कारखान्यांचं गाळप १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचं ठरलं. पुढे १५ ऑक्टोबरला निवडणूक आयोगाने विधानसभेचा कार्यक्रम जाहीर केला. मतदान २० नोव्हेंबरला. दोन्ही निर्णय आपापल्या जागी रीतसर होते, पण बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही पोराला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की या दोन तारखा एकमेकींच्या मुळावर येणार. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरकली. भाऊबीज झाली की धारूर, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी, जामखेड या पट्ट्यातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, राहायच्या पाचटाच्या कोपीसाठी बांबू, शेळ्या आणि लेकरं भरून निघतात. कुणी कराड-सांगलीकडे, कुणी पंढरपूर-माळशिरसकडे, कुणी थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला. गाळप पुढे ढकला, अशी मागणी झाली. त्यावर कारखानदारांकडून येणारं उत्तर ठरलेलं असतं: कर्नाटकातले कारखाने आपल्यासाठी थांबत नाहीत, ऊस तिकडे जाईल.

ऊसतोड कामगारांची राज्यातली नेमकी संख्या कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत अंदाज ऐकायला मिळतात. कमीत कमी आकडा धरला तरी मुद्दा किरकोळ राहत नाही. इतक्या माणसांचं मत कुणी काढून घेतलेलं नाही. यादीत नाव आहे, खिशात ओळखपत्र आहे, फक्त मतदानाच्या दिवशी माणूस केंद्रापासून दोन-तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात आहे.

हा प्रश्न २०२४ साली जन्माला आला असंही नाही. २००४, २००९, २०१४, २०१९ या चारही विधानसभा ऑक्टोबरात झाल्या, टोळ्या हलण्याआधी. लोकसभा एप्रिल-मेमध्ये, बहुतेक टोळ्या परतल्यावर. त्यामुळे मुंबईत बसून पाहणाऱ्याला अडचण दिसली नाही. गावाच्या निवडणुकांचं मात्र तसं नाही. बीड आणि मराठवाड्यातल्या इतर जिल्हा परिषदांसाठी १६ फेब्रुवारी २०१७ ला मतदान झालं, ऐन हंगामात. १५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या १४ हजारांहून जास्त ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्याही ऐन हंगामात. म्हणजे ज्या निवडणुकीत ऊसतोड मजुराच्या घरकुलाचा, रस्त्याचा, शाळेचा आणि टँकरचा निर्णय होतो, नेमक्या त्याच निवडणुकीला तो वर्षानुवर्षं गैरहजर राहत आला. याची बोंब झाली नाही, कारण बोंब मारणारे गावात नव्हतेच.

मताच्या हक्काचा इतिहास सांगताना आपण हक्क कुणाला मिळाला याची यादी वाचतो. तो कुठल्या अटीवर मिळाला हे फारसं पाहत नाही. १९१९ साली मत कुणाला द्यायचं हे ठरवायला आलेल्या साउथबरो समितीपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि विठ्ठल रामजी शिंदे या दोघांनीही साक्ष दिली, तेव्हा मत म्हणजे शेतसारा, घरभाडं किंवा आयकर भरणाऱ्याची मिजास होती. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली, तीही अशा काळात की ती अनेक पुढाऱ्यांना अव्यवहार्य वाटत होती. १९३५ च्या कायद्यानंतरही मत होतं ते लोकसंख्येतल्या लहानशा भागालाच. संविधानाच्या कलम ३२६ ने ही मालमत्तेची भिंत एका फटक्यात पाडली. मात्र मत मालमत्तेपासून सुटलं तरी पत्त्याला बांधलेलंच राहिलं. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या शाळेच्या ठरलेल्या खोलीत जो उभा राहू शकतो, तो मतदार.

यादीचा साचाच माणसं गाळतो, हे पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत दिसलं होतं. १९५१-५२ च्या याद्या करताना सुमारे २८ लाख बायकांची नावं वगळली गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी नोंद केली होती. हे मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत घडलं. त्या वेळच्या आयोगाची अडचण खरी होती आणि पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी घेतलेला निर्णय पुढच्या निवडणुकांसाठी योग्यच ठरला. पण त्या निवडणुकीपुरता त्या बायकांना मत नव्हतं, आणि त्यांच्या हक्काला कायद्याच्या पुस्तकात कुणीही विरोध केलेला नव्हता.

आता कायदा पाहू. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० स्पष्ट आहे: तात्पुरता बाहेर गेला म्हणून कुणी आपल्या गावचा ‘सामान्य रहिवासी’ राहत नाही असं होत नाही. म्हणजे पाच-सहा महिने फडात राहणारा मजूर कायद्याने आपल्या गावचाच मतदार आहे. १९५१ च्या कायद्याचं कलम ६० त्याहून उपयोगाचं. सैनिक आणि तत्सम सेवेतल्यांना टपाली मत आहे. स्थानबद्धतेत असलेल्या माणसाला टपाली मत आहे. शिवाय निवडणूक आयोग सरकारशी सल्लामसलत करून मतदारांचा एखादा वर्ग अधिसूचित करील, तर त्या वर्गालाही टपालाने मत देता येतं. याच वाटेने ८५ वर्षांवरच्यांना आणि ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता आलं. रेल्वे, वीज, आरोग्य अशा अत्यावश्यक सेवांतल्या कर्मचाऱ्यांना मिळालं. मतदानाच्या दिवशी वार्तांकन करणाऱ्या अधिकृत पत्रकारांनाही मिळालं. काश्मिरी विस्थापितांसाठी तर जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास मतदान केंद्रं उभी राहिली, आणि ती उभी राहायलाच हवी होती.

तेव्हा ‘गैरहजर माणसाला मत देता येत नाही’ हे विधान खोटं आहे. कुणाची गैरहजेरी प्रतिष्ठेची मानायची हे सरकार ठरवतं. सीमेवरचा जवान, ड्युटीवरचा इंजिनिअर, बूथबाहेर माईक धरून उभा असलेला बातमीदार यांची गैरहजेरी कामाची. देशातल्या सर्वांत मोठ्या साखर उत्पादक राज्यांपैकी एकाला ऊस तोडून देणाऱ्याची गैरहजेरी ही त्याची खासगी अडचण. पत्रकारांना टपाली मत आणि तोडकऱ्याला नाही, हे लिहिताना माझ्यासारख्या लिहिणाऱ्याला थोडी लाज वाटायला हवी. वाटते.

यावर एक सोपं उत्तर नेहमी मिळतं: मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी असते की. असते खरी. १९५१ च्या कायद्याच्या कलम १३५ब मध्ये ती लिहिलेली आहे, रोजंदारीवरचे मजूरही त्यात येतात. पण तोडणीची मजुरी टनावर आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवसाकाठी दीड-दोन टन तोड. तोडलं नाही तर टन नाही, टन नाही तर पैसे नाहीत, मग पगारी सुट्टी कशाच्या हिशेबाने द्यायची? वर खाडा आहे. कामावर न गेलेल्या दिवसाचा दंड मुकादम, म्हणजे टोळी जमवून कारखान्याला पुरवणारा माणूस, उचलीच्या हिशेबात चढवतो. ही उचल हंगामाआधी घेतलेली असते, लग्नाला, दवाखान्याला, गेल्या वर्षीची बाकी फेडायला, आणि ती फिटेपर्यंत माणूस मोकळा नसतो. सांगलीहून धारूरला जाऊन मत देऊन परत यायचं म्हणजे दोघांचे दोन दिवस मोडतात. भाडं वेगळंच. एवढा खर्च करून मत द्या असं आपण कुठल्या बँक कर्मचाऱ्याला सांगणार आहोत?

तरीही ते जातात, आणि इथे गोष्ट जास्त गुंतागुंतीची होते. बीड लोकसभा मतदारसंघात २०२४ ला जवळपास ७१ टक्के मतदान झालं, राज्याच्या सरासरीपेक्षा बरंच वर. ते मे महिन्यातलं. ग्रामपंचायतीच्या वेळी भर हंगामातही गाव भरतं. कसं भरतं हे सगळ्यांना माहीत आहे: उमेदवार गाड्या पाठवतात. रात्री फडावर जीप किंवा टेम्पो येतो, माणसं भरली जातात, सकाळी मतदान, संध्याकाळी परत. डिझेल, जेवण आणि बुडालेल्या दिवसाचा ‘खर्च’ उमेदवाराचा. विधानसभेला हेच कुणी केलं, तर कलम १२३(५) नुसार मतदारांची फुकट ने-आण करण्यासाठी वाहन ठरवणं हा भ्रष्ट आचार आहे. कायदा योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की तोडणी मजुराला केंद्रापर्यंत पोचवणारी जी एकमेव व्यवस्था आज चालू आहे, तीच बेकायदा आहे. सरकारने वाट केलेली नाही, आणि दुसऱ्याने केलेली वाट सरकारला मान्य नाही.

ज्याची गाडी त्याचं मत, हे वेगळं सांगायला नको. गाडी कुणाकडे मागायची हेही मुकादमाच्या शब्दावर ठरतं. त्याच्याकडे वीस-पंचवीस कोयते, म्हणजे चाळीस-पन्नास मतं, आणि ती ठोकात बोलता येतात. जो कोयता ऐकणार नाही, त्याला पुढच्या वर्षी उचल मिळेलच असं नाही. यात मुकादमच राक्षस आहे असं मी म्हणत नाही. बरेच मुकादम कालचे तोडकरीच असतात आणि कारखान्याच्या व सावकाराच्या मधे चेपलेले असतात. पण गुप्त मतदानाचा अर्थ बंद खोलीत बटण दाबण्यापुरता नसतो. खोलीपर्यंत आपल्या पायाने, आपल्या इच्छेने येणं हा त्याचा अर्धा भाग. तो अर्धा भाग इथे विकला जातो.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. ज्याचं नाव यादीत आहे आणि तो येणार नाही याची गावाला खात्री आहे, त्याचं मत मोकळं पडलेलं असतं. बोगस मतदानाच्या तक्रारी कुठे सगळ्यांत सोयीच्या, याचा विचार केला तर उत्तर हंगामी स्थलांतराच्या पट्ट्यात सापडेल. म्हणून ‘याद्या शुद्ध करा’ म्हणणारे आणि ‘मजुरांना मत द्या’ म्हणणारे एकमेकांविरुद्ध का उभे राहतात, हे मला कळत नाही. तोडकऱ्याचं खरं मत पेटीत पडलं, तर खोट्याला जागाच उरत नाही.

मग करायचं काय? आयोगाने २०२२ च्या डिसेंबरात दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली होती. एकाच केंद्रातून ७२ मतदारसंघांसाठी मतदान करता येईल असं यंत्र. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना ते दाखवायला बोलावलं आणि पक्षांनी इतक्या शंका काढल्या की विषय थंड झाला. शंका अगदीच पोकळ नव्हत्या. यंत्रांवरच्या विश्वासाची आजची अवस्था पाहता, ज्याचा प्रतिनिधी तिथे बसलेला नाही अशा लांबच्या केंद्रातल्या यंत्राला उमेदवार का मान्यता देईल? ऊसतोडीसाठी एवढ्या मोठ्या यंत्राची गरजही नाही. मजुरांचा मोठा हिस्सा मोजक्या तालुक्यांतून येतो आणि मोजक्या कारखान्यांच्या परिसरात जातो. निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी आज सुविधा केंद्रात जाऊन कागदी टपाली मतपत्रिकेवर मत देतात. सैनिकांची मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवून तिथे छापली जाते. ही दोन चाललेली साधनं जोडली की झालं. कराड, वाळवा, माळशिरस, पंढरपूर, बारामती अशा ठिकाणी मतदानाआधीचे चार-पाच दिवस केंद्र चालवायचं, आष्टी-गेवराई-परळी-पाथर्डीच्या मतपत्रिका तिथे छापायच्या, लिफाफे मूळ मतदारसंघात पाठवायचे. कर्नाटकात गेलेल्यांसाठी आयोगच दोन्ही राज्यांशी बोलू शकतो. देशभराचा आयोग त्यासाठीच आहे.

केंद्र कुठे असावं हा तपशील मात्र सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नेमका तिथेच घोटाळा होईल अशी मला भीती आहे. सोय म्हणून कुणीतरी सुचवेल: कारखान्याच्या आवारातच ठेवा, मजूर तिथेच येतात. अजिबात नको. कितीतरी कारखान्यांचे अध्यक्ष स्वतः आमदार, माजी आमदार किंवा आमदाराचे चिरंजीव आहेत. ज्या गेटवर चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा नोंदी ठेवणारा माणूस, पावती फाडतो आणि मजुरीचा हिशेब होतो, तिथे मतपेटी ठेवली तर गुप्ततेची उरलीसुरली लाजही जाईल. केंद्र तहसील कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत हवं, आणि फडापासून तिथपर्यंत एस. टी. सरकारने सोडावी. उमेदवाराने वाहन देणं भ्रष्ट आचार आहे, सरकारने देणं नाही. त्या दिवसाचा खाडा माफ आणि कोयत्यामागे सरासरी तोडणीइतकी भरपाई, हे कारखान्यांवर बंधनकारक करावं लागेल, नाहीतर एस. टी. रिकामी परतेल.

‘जिथे काम तिथे मत’ असाही एक पर्याय सांगितला जातो. पुण्यात बांधकामावर पाच-पाच वर्षं राहणाऱ्याला तो चालेल. तोडकऱ्याला नाही. त्याची टोळी दर आठ-पंधरा दिवसांनी फड बदलते आणि दर वर्षी कारखानाही बदलू शकते. त्याचं रेशन, त्याची म्हातारी आई, शाळेतलं नाव आणि पाण्याचं भांडण सगळं गावाकडे आहे. वाळव्याचा आमदार त्याच्यासाठी काय करणार? दोन ठिकाणी नावं ठेवणं तर गुन्हा आहे. आपल्याकडे त्याचंही आश्चर्य वाटत नाही म्हणा. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या सीमावादातल्या चौदा गावांत लोकांकडे महाराष्ट्र आणि तेलंगणा अशी दोन्हीकडची मतदार ओळखपत्रं आहेत आणि प्रशासन दर निवडणुकीला ‘एकदाच मत द्या’ अशी विनवणी करतं. त्याच राज्यात लाखो मजुरांना एकदाही मत देणं जमत नाही.

इथवरचं बोलणं मत वाढवण्याचं होतं. आहे ते टिकवण्याचा प्रश्न अधिक निकडीचा वाटतो, कारण तो वेळापत्रकातच लपलेला आहे. मतदार याद्यांचं वार्षिक पुनरीक्षण वर्षानुवर्षं १ जानेवारी ही अर्हता तारीख, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झाली का हे पाहण्याची तारीख, धरून होत आलं. आता चार अर्हता तारखा झाल्या असल्या, तरी हिवाळ्यातली ही मोहीमच मुख्य राहिली. प्रारूप यादी, हरकती, शनिवार-रविवारची शिबिरं, सगळं साधारण ऑक्टोबरअखेर ते जानेवारी. ऊसतोडीचंही तेच. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रापुरती यादी सांभाळणारा सरकारी कर्मचारी, दारात येतो तेव्हा कुलूप असतं. शेजारी सांगतो, ‘कारखान्याला गेलेत.’ समंजस बीएलओ नाव ठेवतो. वरून दबाव असलेला बीएलओ ‘स्थलांतरित’ लिहितो.

हा दबाव किती वाढू शकतो हे बिहारने दाखवलं. २०२५ च्या जूनमध्ये तिथे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं आणि प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गेली. त्यांतली ३६ लाखांच्या आसपास ‘कायमचे स्थलांतरित किंवा सापडले नाहीत’ या सदरातली. मृतांची आणि दुबार नावं काढायलाच हवीत, त्यावर वाद नाही. पण सापडला नाही म्हणजे गेला, हे कुणी ठरवलं? वगळलेली नावं कारणांसह जाहीर करा, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्टमध्ये सांगावं लागलं. ही मोहीम पुढे गोव्यासह बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत गेली. महाराष्ट्रात ती ज्या महिन्यांत राबवली जाईल, त्यावर आष्टी-पाटोद्याची यादी कशी दिसेल हे ठरणार आहे. घरात म्हातारं माणूस मागे राहिलं असेल तर ते फॉर्मवर सही करील. अख्खं घर टोळीबरोबर गेलं असेल तर? पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त कुटुंबांकडे तर कागदांची वानवा हंगामाबाहेरही असते.

याबाबतचं न्यायालयाचं म्हणणं जुनं आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईचाच. १९९५ च्या लालबाबू हुसेन खटल्यात प्रश्न होता तो मुंबई आणि दिल्लीतल्या वस्त्यांमधल्या मतदारांना परकीय ठरवून यादीतून काढण्याचा. आधीच्या यादीत नाव होतं याला वजन द्यावं लागेल, आणि नोटीस व म्हणणं मांडण्याची संधी दिल्याशिवाय नाव काढता येणार नाही, असं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. हीच कसोटी तोडकऱ्याला लावायची तर नोटीस त्याच्या बंद दारावर चिकटवून भागणार नाही. ती फडात पोचली पाहिजे. आणि तो कुठल्या फडात आहे हे समजणं अवघड नाही. कारखान्याकडे मुकादमाचा करार असतो, त्यात कोयत्यांची नावं असतात. सरकारच्या लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं देण्याचं काम हाती घेतलेलं आहे. ते पूर्ण करून मतदार यादीशी ताडून पाहायला कुणाची हरकत आहे?

दिल्लीवर ढकलण्याची सवय असलेल्यांसाठी एक शेवटची गोष्ट. लोकसभा-विधानसभेसाठी केंद्रीय आयोगाची अधिसूचना लागेल, हे मान्य. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांचं तसं नाही. त्या निवडणुका संविधानाच्या कलम २४३ट नुसार राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांचे कायदे विधिमंडळ करतं. मुदती संपूनही महाराष्ट्राने आपल्या स्थानिक संस्था वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती ठेवल्या आणि निवडणुका घ्या असं सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये बजावावं लागलं, म्हणजे तारखा पुढे-मागे करण्याची कला आपल्या राज्याला येतेच. ती एकदा मजुरांसाठी वापरावी. जिल्हा परिषदेची निवडणूक हंगाम संपल्यावर घ्यावी, आणि ते जमणारच नसेल तर टपाली मताची तरतूद आधी करून मग घ्यावी. दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात गाळपाची तारीख ठरवायला मंत्री समिती बसते तेव्हा साखर आयुक्त हजर असतात, कारखान्यांचे प्रतिनिधी असतात, उसाचे टन आणि साखरेचा उतारा यांचे तक्ते असतात. त्या टेबलाशी राज्य निवडणूक आयुक्तांसाठी एक खुर्ची टाकायला कुठल्याही कायद्यात दुरुस्ती लागत नाही.